हजेरीची वही आणि दाखल्याची रांग

जूनमध्ये बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही तहसीलच्या आवारात जा, सेतू केंद्रापुढं रांग लागलेली असते. दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात आणि प्रवेशाच्या तारखा पाठीला लागलेल्या असतात. अशाच एका रांगेत एक कैकाडी बाई माझ्या पुढं उभी होती. लेकीला नर्सिंगला घालायचं होतं. हातातल्या पिशवीत आधारकार्ड, रेशनकार्ड आणि लेकीचा शाळा सोडल्याचा दाखला. खिडकीतल्या पोरानं कागद चाळले आणि म्हणाला, "मावशी, एकसष्टच्या आधीचा पुरावा लागतो. हिच्या आज्याची, पणज्याची शाळेतली नोंद, नाहीतर सातबारा."

"शाळंत कोण गेलतं साहेब? आन् सातबारा असता तर गाढवं कशाला वळली असती?"

रांगेतले दोघं-तिघं हसले. पोरगाही हसला, पण कागद परत आले. बाई बाजूला होऊन पिशवीला गाठ मारत बसली.

पोराचं काही चुकलं नव्हतं, नियमच तसा आहे. पण त्या बाईच्या जमातीला पुरावा मागावा, यासारखी दुसरी थट्टा नाही. या देशात कुणाची नोंद सरकारनं अतोनात काळजीनं ठेवली असेल, तर ती कैकाडी, पारधी, भामटा, कंजारभाट, मांग-गारुडी अशा जमातींची. नाव, बापाचं नाव, अंगावरच्या खुणा, दहा बोटांचे ठसे आणि रोज रात्री कोण कुठं झोपलं, हे सगळं वहीत होतं. त्या वहीमागं एक कायदा होता. १२ ऑक्टोबर १८७१ ला तो आला आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. गुन्हेगार जमाती कायदा असं त्याचं नाव. तो जवळपास एक्क्याऐंशी वर्षं चालला.

राज्यसंस्थेनं माणसं जन्मावरून वेगळी काढली म्हटलं की आपल्याला दक्षिण आफ्रिका आठवते. तिथला अपार्थाइड सरकारी धोरण म्हणून १९४८ ते १९९४, म्हणजे शेहेचाळीस वर्षं टिकला. आपल्याकडची व्यवस्था जवळपास दुप्पट वर्षं चालली. पण शाळेच्या पुस्तकात तिला एक परिच्छेदही मुश्किलीनं मिळतो.

बंडखोर ते जन्मजात गुन्हेगार

हे एका दिवसात घडलं नाही. १८३० च्या दशकात स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं ठगांच्या बंदोबस्ताची मोहीम उघडली, तिचं एक मोठं क्षेत्र निजामाचा मुलूख हे होतं. निजामाच्या नोकरीतल्या मेडोज टेलरनं १८३९ मध्ये ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लिहून इंग्लंडभर खळबळ उडवली. हाच टेलर पुढं नळदुर्गला, म्हणजे आपल्या शेजारच्या आजच्या धाराशिव जिल्ह्यात, अंमलदार होता. ठगीच्या खटल्यांनी कायद्यात एक नवी गोष्ट आणली. अमुक माणसानं अमुक गुन्हा केला हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही, तो ठगांच्या टोळीतला आहे एवढं पुरेसं ठरलं.

दुसरीकडं इंग्रजांना डोंगरातल्या आणि वाटेवरच्या लोकांची धास्ती होती. रामोशांचा उमाजी नाईक १८३२ मध्ये पुण्यात फासावर गेला. बेरड आणि भिल्ल ठिकठिकाणी उठत होते. १८५७ नंतर ही धास्ती वाढली. त्यातच रेल्वे आली, सडका आल्या. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणारे बंजाऱ्यांचे तांडे ओस पडले. ज्या तांड्यांनी एके काळी मोगलांच्या आणि इंग्रजांच्या फौजा पोसल्या, त्यांचा धंदा आगगाडीनं नेला. जंगल कायद्यांमुळं शिकार आणि वनातल्या वस्तू गोळा करणं हे गुन्ह्यात मोडू लागलं. म्हणजे पोट भरायची वाट आधी बंद केली, आणि मग आडवाटेनं पोट भरणाऱ्याला चोर ठरवलं.

१८७१ चं विधेयक आलं तेव्हा फिट्झजेम्स स्टीफन हा व्हाइसरॉयच्या मंडळात कायदामंत्री होता. विधेयकामागचा तर्क सरळ होता. हिंदुस्थानात सुताराचा पोरगा सुतार होतो आणि विणकराचा विणकर, तसा चोराचा पोरगा चोर होणारच. आपली जातिव्यवस्था जे सांगत होती तेच युरोपातलं नवं वंशशास्त्र वेगळ्या शब्दांत सांगत होतं. या दोन्हींची गाठ कायद्यात पडली. जातीला वंशाचं आणि वंशाला रक्ताचं नाव मिळालं. ही गाठ एकट्या इंग्रजांनी मारली असं म्हणणं सोयीचं आहे. पण गावाबाहेर पाल टाकणाऱ्याला गावात काय नावं होती ती आठवा. इंग्रजांनी कायदा लिहिला, शब्द त्यांना आपणच पुरवले.

वही चालायची कशी

सुरुवातीला कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १८७६ मध्ये तो बंगालला लागू झाला आणि १९११ च्या नव्या कायद्यानं मुंबई-मद्राससह देशभर पसरला. १९२४ मध्ये सगळ्या दुरुस्त्या एकत्र बांधल्या गेल्या. मधे १८९७ ची एक दुरुस्ती आहे, ती वाचताना हात थबकतो. चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून काढून वेगळ्या सुधारगृहात ठेवायची मुभा तिनं सरकारला दिली. संस्कार तोडायचे तर घरच तोडा, असा तिचा हिशोब.

यंत्रणा साधी होती. सरकारनं एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करायची. ती घोषणा योग्य की अयोग्य, हे कुठल्याही न्यायालयाला विचारता येत नव्हतं. मग जिल्हा मॅजिस्ट्रेटनं त्या जमातीतल्या माणसांची नावं नोंदवहीत घ्यायची. नाव लागलं की माणसाचं आयुष्य त्या वहीला बांधलं गेलं. ठरलेल्या वेळी हजेरी, बहुतेक ठिकाणी रात्रीची. दुसऱ्या गावाला जायचं तर परवान्याचा कागद. जिथं पोचायचं तिथल्या पाटलाला तो दाखवायचा, परत आल्यावर इथल्या पाटलाला. कागदाविना हद्दीबाहेर सापडला तर वॉरंटशिवाय अटक. गावात अशी माणसं आली तर वर्दी देणं पाटील, चौकीदार आणि जमीनदार यांच्यावर बंधनकारक होतं. ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरलं की किमान सात वर्षं, तिसऱ्यांदा ठरलं की जन्मठेप काळ्या पाण्याची. तोच गुन्हा बाकीच्या माणसानं केला तर शिक्षा वेगळी.

हजेरीची रात्र डोळ्यांपुढं आणून बघा. पालं टाकलेली, चुलीतला विस्तव विझत आलेला. गावातून कंदील हलत येतो. "कोण कोण हाय रं?" अशी हाक येते. एकेक जण पालाबाहेर येऊन आपलं नाव सांगतो. आजारी असेल त्यानंही सांगायचं, बाळंतिणीच्या नवऱ्यानंही सांगायचं. नाव सांगितलं नाही तर दुसऱ्या दिवशीच्या चोरीचा आरोपी तयार. पाटलाला दिलेली कोंबडी आणि फुकटची वेठ यांची बेरीज या व्यवस्थेच्या कुठल्याच अहवालात नाही, पण ती केल्याशिवाय ही वही इतकी वर्षं का टिकली हे कळत नाही. ती गावालाही सोयीची होती. चोरी कुणीही करावी, चोर ठरलेला असे.

कुंपणाच्या आत

१९१० च्या आसपास मुंबई सरकारनं वसाहतींचा प्रयोग सुरू केला. स्टार्ट नावाच्या अधिकाऱ्यानं तो विजापुरात उभा केला आणि मग सोलापूर, हुबळी, गदग अशा ठिकाणी नेला. आसपास गिरण्या किंवा रेल्वेचे कारखाने होते आणि त्यांना स्वस्त हात हवे होते. सोलापूरच्या गिरण्यांत पहाटेच्या भोंग्यावर वसाहतीतली माणसं जायची आणि सुटी झाली की तारांच्या आत परतायची. शाळा होती, दवाखाना होता, मिशनरी होते. बाहेर जायला परवाना लागायचा.

या वसाहतींचं नाव अजून सोलापूरच्या तोंडी आहे. रिक्षावाल्याला "सेटलमेंटला सोड" म्हटलं की तो कुठं, असं विचारत नाही. पिढ्या सरल्या, तारा गेल्या, पण पत्ता तोच राहिला.

तरीही वसाहतींचा हिशोब एका बाजूनं मांडून चालत नाही. काही कुटुंबांत पहिलं अक्षर तिथं गिरवलं गेलं, काहींना गिरणीत कायमचं काम लागलं, काहींची मुलं पुढं शिक्षक आणि वकील झाली. तिथली म्हातारी माणसं शाळेतल्या बाईंबद्दल मायेनं बोलतात आणि त्याच दमात हजेरीच्या शिट्टीबद्दलही बोलतात. शिक्षण मिळालं हे खरं. ते तुरुंगात जाऊन घ्यावं लागलं हेही खरं.

सीनेच्या अलीकडं आणि पलीकडं

बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होतं. आष्टीच्या बाजूला सीना ओलांडली की नगर जिल्हा, म्हणजे इंग्रजांचा मुंबई इलाखा. राजा बदलायचा, नाणं बदलायचं, कचेरीतली भाषा बदलायची. हजेरी मात्र दोन्ही काठांवर होती. निजाम सरकारनंही इंग्रजांच्या वळणावर गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याच्या जाळ्यात आलेला सगळ्यात मोठा समाज म्हणजे लंबाडा, म्हणजे आपले बंजारा. भंग्या भुक्या यांनी निजामाच्या राज्यातल्या लंबाड्यांवर लिहिलेला इतिहास या बाबतीत मुळातून वाचण्यासारखा आहे. मालवाहतूक गेली, जंगल बंद झालं, तांडा एका जागी बसवला गेला आणि बसलेल्या तांड्यावर पोलिसांचा अमीन नजर ठेवू लागला, हा क्रम तिथं उलगडतो.

बालाघाटाच्या उतारावर पारध्यांचा वावर जुना. पाटोदा, आष्टी, केज या भागात माळरान होतं, माळावर हरणं आणि तितर होते. बारीक दोऱ्यांचे फासे काठ्यांना बांधायचे, त्या काठ्या पक्ष्यांच्या वाटेवर ओळीनं रोवायच्या आणि लांबून शीळ घालत तितर त्या ओळीकडं हाकायचे, अशी ती कला. शेतकऱ्यांनाही पारधी हवा असायचा, कारण रानडुकरं आणि हरणं पिकं खायची. त्याच शेतकऱ्याच्या घरी चोरी झाली की बोट पारध्याकडंच वळायचं. एकाच गावाला तो राखणदारही हवा आणि चोरही हवा, अशी त्याची कोंडी होती.

दहा बोटांची गोष्ट

या कायद्याचा दक्षिण आफ्रिकेशी जोडलेला एक धागा मात्र आपल्याकडं कुणी फारसा सांगत नाही. बोटांच्या ठशांची वर्गवारी कशी लावायची, याची पद्धत बंगाल पोलिसांचा प्रमुख एडवर्ड हेन्री याच्या हाताखाली तयार झाली. तिचं बरंचसं डोकेफोडीचं काम अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदुस्थानी अधिकाऱ्यांनी केलं. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय उघडलं. १९०० मध्ये हेन्रीला दक्षिण आफ्रिकेत पाठवण्यात आलं, तिथली पोलीस यंत्रणा उभारायला.

पुढं काही वर्षांतच ट्रान्सवालच्या सरकारनं तिथल्या हिंदी लोकांना नोंदणी आणि दहा बोटांचे ठसे सक्तीचे केले. ठसे चोरांचे घेतात, आम्ही चोर नाही, म्हणून गांधीजींच्या नेतृत्वाखाली लोक उठले. १६ ऑगस्ट १९०८ ला जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीपुढं दोन हजारांहून अधिक परवान्यांची होळी झाली. तीन वर्षांनी, १९११ च्या कायद्यानं, हिंदुस्थानात पारधी-कैकाड्यांच्या ठशांना देशभर कायद्याचं बळ मिळालं. इथं होळी पेटली नाही. ट्रान्सवालमधले हिंदी लोक आपले होते. पालावरचा पारधी त्या 'आपल्या'त बसत नव्हता. सत्याग्रहाचा जन्म ज्या अपमानातून झाला, तोच अपमान घरातल्या माणसांच्या वाट्याला आला तेव्हा तो कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न ठरला.

कायदा कसा पडला

पडझड सुरू झाली ती प्रांतिक सरकारं येण्याच्या सुमारास. १९३६ मध्ये नेल्लोरला जवाहरलाल नेहरूंनी या कायद्यावर कडाडून टीका केली. मुंबईत काँग्रेसचं सरकार आल्यावर क. मा. मुन्शी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. संविधान सभेत संचारस्वातंत्र्यावर चर्चा चालू असताना नागपूरचे ह. जे. खांडेकर यांनी, जन्मतःच गुन्हेगार ठरलेल्यांच्या संचाराचं काय, हा प्रश्न उभा केला. १९४८ च्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या बरोबरीनं गुन्हेगार जमातींचं नाव घेतलं. असे वर्ग निर्माण करणाऱ्या संस्कृतीला संस्कृती म्हणायचं का, असा त्यांचा सवाल होता.

मद्रासनं कायदा १९४७ मध्ये रद्द केला, मुंबईनं १९४९ मध्ये. मुंबईत अंत्रोळीकर समितीनं या जमातींची पाहणी केली. केंद्रात अनंतशयनम अय्यंगार यांची समिती सप्टेंबर १९४९ मध्ये नेमली गेली आणि तिनं कायदा देशभर काढून टाकायची शिफारस केली. २६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झालं, समानतेचा हक्क मिळाला. तरी केंद्राचा कायदा आणखी अडीच वर्षांवर तगला. पहिली सार्वत्रिक निवडणूक होऊन गेली तरी तो पुस्तकात होताच. जिथं तो चालू होता तिथल्या माणसाला पंतप्रधान निवडायचा हक्क होता, पण शेजारच्या गावी विचारल्याशिवाय जायचा नव्हता. शेवटी ३१ ऑगस्ट १९५२ ला तो गेला. तो दिवस आज विमुक्त दिन म्हणून पाळला जातो.

त्याच १९५२ साली दक्षिण आफ्रिकेनं सोळा वर्षांवरच्या प्रत्येक कृष्णवर्णीय पुरुषाला ठसे-फोटोसकट ओळखपुस्तक खिशात बाळगायची सक्ती करणारा कायदा केला. आपण वही मिटली त्या वर्षी त्यांनी उघडली. तिथं त्या पुस्तकाविरुद्ध लोक रस्त्यावर आले. २१ मार्च १९६० ला शार्पव्हिलला ६९ माणसं गोळीबारात मेली. पुढं सोवेटोचा उठाव झाला, जगभरचे बहिष्कार झाले. परवान्याचे कायदे १९८६ मध्ये गेले, जन्मावरून वर्ण नोंदवणारा कायदा १९९१ मध्ये गेला आणि एप्रिल १९९४ मध्ये मतपेटीनं ती व्यवस्था पाडली. नंतर सत्य आणि समेट आयोगासमोर माणसांनी आपले हाल सांगितले, ते देशानं ऐकले.

आपल्याकडचा कायदा असा पडला नाही. दिल्लीत एक विधेयक मंजूर झालं आणि तो गेला. ज्यांच्यासाठी तो गेला, त्यांतल्या अनेकांना तो गेल्याचं कळलंही नाही. ते विखुरलेले होते, अल्पसंख्य होते, त्यांची एकगठ्ठा मतं नव्हती. दक्षिण आफ्रिकेत दडपलेले बहुसंख्य होते, म्हणून व्यवस्था पडताच सत्ता त्यांच्या हाती आली. इथं कायदा पडला, पण ज्यांच्या हाती वही होती त्यांच्याच हाती कचेरी राहिली. कुणी साक्ष घेतली नाही, कुणी माफी मागितली नाही. मागं काय काय उरलं, त्याचं मूळ इथं आहे.

उरलेली वही

कायदा गेला आणि त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा कायदा त्यातलाच. कागदावर फरक मोठा होता. आता जमात नाही, शिक्षा झालेला एकेक माणूस नोंदवायचा. पण ठाण्यातला हवालदार तोच, त्याची सवय तीच आणि संशयितांची यादी करताना हात त्याच पालांकडं जात होता. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २००० मध्ये हे कायदे रद्द करायला सांगितलं, संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीनं २००७ मध्ये तेच म्हटलं. १९९८ मध्ये बंगालात एका शबर तरुणाचा आणि त्याच वर्षी आपल्या बारामतीत एका पारध्याचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. त्याच वर्षी गणेश देवी, महाश्वेता देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त-भटक्यांसाठी राष्ट्रीय पातळीवर मंच उभारला.

दरम्यान जगण्याच्या बाकीच्या वाटांवरही कायदे उभे राहिले. पारध्याची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंद झाली. नंदीबैलवाले, डोंबारी, बहुरूपी हे मुंबईच्या १९५९ च्या भिक्षा-प्रतिबंधक कायद्याखाली भिकारी ठरले. हातभट्टीवर १९४९ पासून दारूबंदीचा कायदा होताच. यातले काही कायदे आपल्या जागी योग्यही असतील. पण प्रत्येक वाट बंद करताना त्या वाटेवरच्या माणसाला दुसरी कुठली दाखवली, हे कुणी विचारलं नाही.

गेल्या काही वर्षांत कायद्यापेक्षा जमाव जास्त भयानक ठरला. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथं नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे होते, भिक्षा मागत हिंडत होते. परगावचा, फिरता, अनोळखी माणूस म्हणजे गुन्हेगार, हे १८७१ चं समीकरण मोबाइलवरच्या अफवेनं दीड शतकानंतर जसंच्या तसं उचललं. आपल्या केज तालुक्यात मे २०२० मध्ये मांगवडगावला जमिनीच्या जुन्या वादातून एका पारधी कुटुंबातल्या तिघांना मारलं गेलं. इथं मारेकऱ्यांसाठी पारधी अनोळखी नव्हता. तो जमीन धरून बसला होता, हाच त्याचा गुन्हा. फिरला तर चोर, बसला तर अतिक्रमणवाला.

बीडमध्ये या प्रश्नाला पहिल्यांदा भिडणाऱ्यांत एकनाथ आवाड होते. मानवी हक्क अभियानाच्या गायरानाच्या लढ्यात दलितांच्या बरोबरीनं पारध्यांची पालंही उभी राहिली. शेजारी तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला गिरीश प्रभुणे यांच्या पुढाकारानं भटक्या-विमुक्तांच्या मुलांची निवासी शाळा उभी राहिली. दोघांची विचारांची वाट वेगवेगळी, पण ज्याला ना जमीन ना शाळा त्याला नुसती मुक्ती देऊन भागत नाही, हे दोघांना कळलं होतं. मराठी साहित्यानंही ही बाजू कधीच मांडून ठेवली आहे. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० मध्ये आलं, गायकवाडांचं 'उचल्या' १९८७ मध्ये. दोन्हींना साहित्य अकादमी मिळाली. ठाण्यापर्यंत हे साहित्य कितपत पोचलं, हा वेगळा प्रश्न.

३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सुकन्या शांता या पत्रकाराच्या याचिकेवर निकाल दिला. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत कामाची आणि बराकींची वाटणी जातीवरून होत होती आणि काहींत भटक्या-विमुक्तांना थेट सराईत मानलं जात होतं. न्यायालयानं हे घटनाबाह्य ठरवलं आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितलं. कायदा मेल्यावर बहात्तर वर्षांनी त्याची भाषा तुरुंगाच्या पुस्तकात जिवंत सापडली.

दाखल्याचा गुंता

आता पुन्हा त्या रांगेकडं. महाराष्ट्रानं २१ नोव्हेंबर १९६१ ला विमुक्त जाती आणि भटक्या जमातींची यादी केली. म्हणून या प्रवर्गाच्या दाखल्याला त्या तारखेआधीचा महाराष्ट्रातला पुरावा लागतो. अनुसूचित जमातीसाठी ती तारीख ६ सप्टेंबर १९५०. आरक्षणाची रचनाही अशी की बीडमध्ये 'एनटी' म्हटलं की बहुतेकांना भज-ड, म्हणजे वंजारी समाज, आठवतो. पूर्वी गुन्हेगार ठरवलेल्या बहुतेक जमाती मात्र विमुक्त 'अ' गटात, तीन टक्क्यांत बसतात. त्यातही ठिकाण बदललं की माणूस बदलतो. कैकाडी बुलढाण्यात अनुसूचित जाती, शेजारच्या जालन्यात विमुक्त जाती. लंबाडा तेलंगणात १९७६ च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जमाती, आणि एकाच निजामाच्या राज्यातून आलेला मराठवाड्यातला बंजारा विमुक्त जाती.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठा-कुणबी दाखल्यांसाठी सरकारनं हैदराबाद गॅझेटियरच्या नोंदींचा आधार घेतला, तेव्हा हा गुंता रस्त्यावर आला. त्याच महिन्यात बीड आणि जालन्यात बंजारा समाजाचे मोठे मोर्चे निघाले. त्या नोंदींत आम्ही आदिवासी आहोत, आम्हालाही जमातीचा दर्जा द्या, ही मागणी. आदिवासी संघटनांचा तिला विरोध आहे, आणि त्या विरोधालाही त्यांची कारणं आहेत. वाद कुणीकडं झुको, एक गोष्ट लक्षात घ्यावी. निजामाच्या ज्या दप्तरांतून बंजाऱ्यांवर पहारा बसवला गेला, त्याच दप्तरांत आज ते आपला हक्क शोधताहेत.

आयोग बरेच झाले. बाळकृष्ण रेणके यांच्या राष्ट्रीय आयोगानं २००८ मध्ये अहवाल दिला आणि देशातल्या या समाजांची संख्या दहा-अकरा कोटी असल्याचा अंदाज सांगितला. नंतर भिकू इदाते यांच्या आयोगाचा अहवाल आला. २०१९ मध्ये केंद्रानं कल्याण मंडळ स्थापलं आणि २०२२ मध्ये शिक्षण, आरोग्य, उपजीविका आणि घरांसाठी पाच वर्षांत २०० कोटींची योजना आणली. रेणक्यांचा दहा कोटींचा अंदाज धरला तर माणशी वीस रुपये होतात, तेही पाच वर्षांत.

अंदाजच धरावा लागतो, कारण या लोकांची नेमकी मोजणी कुणी केलेली नाही. ३० एप्रिल २०२५ ला केंद्रानं येत्या जनगणनेत जात नोंदवायचा निर्णय घेतला. त्यात विमुक्त आणि भटक्यांसाठी वेगळा रकाना असावा, ही मागणी आता देशभर आहे. पालापालावर कार्यकर्ते सांगत फिरताहेत की प्रगणक आला तर घरी थांबा, नाव सांगा, जात सांगा.

ऊसतोडीच्या हंगामात बीडची कितीतरी पालं रिकामी असतात. माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या फडावर गेलेली असतात. जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे, आणि हंगाम तेव्हा चालूच असेल. प्रगणकाला पाल सापडेल, पालातलं माणूस फडावर असेल. एके काळी बाळंतिणीच्या नवऱ्यालाही पालाबाहेर काढून नाव विचारणाऱ्या राज्याला या वेळी फडापर्यंत चालत जावं लागेल.

त्या बाईच्या लेकीचं पुढं काय झालं, याची मी चौकशी केली. नात्यातल्या एका म्हाताऱ्यानं सीनेपलीकडच्या गावी एक जुना कागद शोधून काढला. आज्याच्या भावाचं नाव, जात कैकाडी आणि पुढं पोलिसांचा शेरा. तो घेऊन बाई पुन्हा खिडकीशी गेली. पोरानं तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "मावशी, हा चालंल का ते साहेबांना विचारावं लागंल."

साहेब मीटिंगला गेले होते. बाई पुन्हा रांगेच्या कडेला बसली.